खंजिरी घेताना

खंजिरी हाताला हलकी, पण तिचं काम मोठं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर भजनं गाऊन गावं जागी केली; १९४२च्या लढ्यात तुरुंगही सोसला.

पूर्वी दिमडी-खंजिरीला घोरपडीचं कातडं चढवत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून घोरपड मारणं, तिचं कातडं विकणं गुन्हा आहे. जत्रेत कुणी ‘आवाज खणखणीत’ म्हणून दाखवलं, तरी घेऊ नका. बकरीच्या कातड्याची मागा. कड्याला चीर नसावी, झांजा मोकळ्या वाजाव्यात.

पावसाळ्यात कातडं सैल पडतं. कोवळं ऊन दाखवा, चुलीवर धरू नका. भजनानंतर कोरड्या फडक्यात बांधून खुंटीला टांगा. खंजिरी साऱ्या मंडळाची. जपायच्या पाळ्या लावून घ्या.