सीआरएफ : व्हिडिओचा दर्जा आणि फाइलचे आकारमान

व्हिडिओ एन्कोड करताना दर्जा आपण ठरवायचा आणि फाइल किती मोठी होईल ते एन्कोडरवर सोपवायचे, अशी पद्धत म्हणजे सीआरएफ (कॉन्स्टंट रेट फॅक्टर). एच.264 मानकासाठी लिहिलेल्या एक्स264 या मुक्तस्रोत एन्कोडरमुळे ती रुळली. एफएफएमपेग आणि हँडब्रेक वापरणाऱ्यांना ती परिचित आहे.

सेकंदाला 25 फ्रेमचा फुल एचडी व्हिडिओ संकोचनाविना ठेवल्यास तासाला सुमारे 280 गीगाबाइट जागा लागते. सेकंदाला 5 मेगाबिट बिटरेटने तोच सव्वादोन गीगाबाइटमध्ये बसतो. परंतु एकच बिटरेट सगळ्या व्हिडिओंना मानवत नाही. फळ्यासमोरच्या व्याख्यानात एका फ्रेमहून पुढची फ्रेम जेमतेम वेगळी असते, त्यामुळे बिट वाया जातात. गुलाल उधळलेल्या मिरवणुकीत कणन् कण हलत असतो. तिथे तेवढेच बिट अपुरे पडून चित्रात चौकोन दिसू लागतात. सीआरएफ व्याख्यानाला थोडे बिट देतो, मिरवणुकीला भरपूर.

एक्स264 मध्ये सीआरएफचा आकडा 0 ते 51 असतो. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. काही न निवडल्यास 23 धरला जातो. 18 च्या आसपास सामान्य नजरेला मूळ चित्राशी फरक सहसा जाणवत नाही. आकडा 6 ने उतरवला की फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. एच.265 साठीच्या एक्स265 मध्ये काही न निवडल्यास 28 धरला जातो. एका एन्कोडरचा आकडा दुसऱ्याला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

प्रीसेट, म्हणजे एन्कोडिंगच्या वेगाची निवड, ही वेगळी बाब. ‘स्लो’ निवडल्यास एन्कोडर जास्त वेळ घेऊन बिट अधिक काटकसरीने वापरतो. ‘प्लासिबो’मध्ये मात्र वेळ अफाट जातो आणि हाती फारसे लागत नाही, तो टाळावा.

जुन्या सेल्युलॉइड चित्रपटांच्या फिल्मवरील कण बिट खातात. फाइल लहान करण्यासाठी ते पुसले की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. अशा चित्रपटांसाठी ‘ग्रेन’ ट्यून वापरून मोठी फाइल पत्करावी.

फाइलच्या आकारमानाची मर्यादा आधीच ठरलेली असल्यास सीआरएफ सोडून दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग करावे. एरवी सर्वांत अवघड दृश्याचा एक मिनिटाचा तुकडा 18, 20 आणि 23 ला एन्कोड करून मोठ्या पडद्यावर पाहावा आणि मगच आकडा ठरवावा. मूळ चित्रीकरण तरीही जपून ठेवावे, कारण संकोचनात गेलेला तपशील परत मिळत नाही.