प्रिंटर फॉन्ट

प्रिंटरला अक्षर दोन प्रकारे पुरवता येते: तयार ठिपक्यांच्या नक्षीने, म्हणजे बिटमॅप फॉन्टने, किंवा बाह्यरेषेच्या गणिती वर्णनाने, म्हणजे आउटलाइन फॉन्टने. या दोहोंतील निवड मुळात मेमरीने ठरवली. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, ए-4 पानावर सुमारे 87 लाख ठिपके बसतात. ठिपक्यामागे एक बिट धरला तरी पानाला 1 एमबीहून थोडी अधिक जागा हवी. 1984च्या पहिल्या एचपी लेझरजेटकडे होती अवघी 128 केबी. त्यामुळे कार्ट्रिजमधल्या ठरावीक फॉन्टांत मजकूर सुबक उतरे, पण पानभर ग्राफिक्स त्या बारकाईने छापता येत नसे. 1985च्या ॲपल लेझररायटरमध्ये 1.5 एमबी मेमरी आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आली. अक्षर व चित्र दोन्ही रेषा-वक्ररेषांनी वर्णिता येऊ लागली.

मेमरी पुढे स्वस्त झाली, मग बिटमॅप का मागे पडले, असा आक्षेप घेता येईल. 12 पॉइंटचा ‘क’ 300 डीपीआयला 50 ठिपक्यांच्या चौकटीत मावतो; 24 पॉइंटला चौकट 100 ठिपक्यांची, म्हणजे जागा चौपट, आणि नक्षीही नवी. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ही बेरीज शेकडो आकारांवर जाते. बाह्यरेषा मात्र एकदाच साठवायची. लहान आकारात तिच्या दांड्या कमीजास्त जाड दिसतात, हे खरेच. त्यासाठी फॉन्टमध्ये हिंटिंगच्या सूचना घालतात; या सूचना रेषेला ठिपक्यांच्या जाळीवर नीट बसवतात.