शंकूने बिघडवलेली ज्योत?

जळत्या ज्योतीत क्वार्ट्झचा शंकू न्यायचा, टोकाच्या बारीक छिद्रातून वायू निर्वात पोकळीत ओढायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरने त्यातले रेणू ओळखायचे, ही पद्धत जुनी आहे. तिच्यावरचा आक्षेपही जुनाच. शंकू ज्योत थंड करतो, प्रवाह वाकवतो. तेव्हा यंत्राला दिसते ती बिघडलेली ज्योत. खरी साक्ष एकट्या लेसरची, कारण प्रकाश ज्योतीला ढवळत नाही.

यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. वातावरणीय दाबाच्या ज्योतीत अभिक्रियेचा पट्टा मिलिमीटरहून पातळ असतो. तिथे तर आक्षेप अधिकच बोचतो. त्याला आणखी बळ देणारा पुरावाही आहे. मिल्न आणि ग्रीन यांनी १९६७ साली छिद्रातून सुटणाऱ्या अशा झोतांतील आर्गॉन अणूंच्या पुंजांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ते पुंज वायू प्रसरण पावताना गारठल्याने बनत होते. पण बिघाड होतो, एवढ्यावरून तो ओळखताच येत नाही असे कसे ठरते? हे पुंज दाब आणि छिद्राचा व्यास यांबरोबर वाढतात. नियमाने वाढणारी चूक हिशेबात धरता येते. तापमानाचेही तेच: शंकू जागेवर असतानाच ते मोजावे आणि तेच गणितात घालावे.

शिवाय शंकूवरच सारे नासत असेल, तर हायड्रोजनचे सुटे अणू आणि मेथिल मूलके शोधकापर्यंत पोहोचतात कशी? छिद्र ओलांडल्यावर काही मायक्रोसेकंदांत वायू इतका विरळ होतो की रेणूंच्या टकरा जवळजवळ थांबतात. अभिक्रिया तिथेच गोठते.

आता लेसर. हायड्रॉक्सिल मूलकासाठी तो उत्तमच. पण ज्या रेणूचा वर्णपट ठाऊक नाही, ज्याची कुणाला शंकाही नाही, तो लेसर शोधणार कसा?

२००५ साली ‘सायन्स’मध्ये आलेले संशोधन पाहा. व्हिनाइल अल्कोहोल आणि ॲसिटाल्डिहाइड या दोघांचेही वस्तुमान ४४. पहिल्याच्या आयनीभवनाला सुमारे ९.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, दुसऱ्याच्या १०.२. सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशाची ऊर्जा या दोहोंच्या मध्ये ठेवली की पहिला एकटा दिसतो. तो दिसला, आणि अनेक इंधनांच्या ज्योतींत व्हिनाइल अल्कोहोलसारखी इनॉल सापडली. तोवरच्या प्रचलित ज्वलन-प्रारूपांत त्यांना जागाच नव्हती.

ही इनॉल शंकूनेच घडवली, असे कुणी म्हणेल. वाचकांनीच निवाडा करावा. व्हिनाइल अल्कोहोलपेक्षा ॲसिटाल्डिहाइड अधिक स्थिर आहे. थंड भिंतीने काही बदल घडवलाच, तर तो इनॉलकडून ॲसिटाल्डिहाइडकडे जाणारा असेल. म्हणजे शंकू इनॉलची नोंद कमी करू शकेल, वाढवू शकणार नाही.