पेन्शन, पुंजी आणि घर : ठाणे-कल्याण परिसरातील उत्तरायुष्याच्या तरतुदीचा इतिहास

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नोकरदार वर्गाने उत्तरायुष्याची तरतूद कोणत्या साधनांनी केली, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी लोहमार्ग ठाण्यास आला व पुढील वर्षी कल्याणास पोचला. रोज मुंबईस जाऊन येणारा चाकरमानी या भागात वाढला तो या लोहमार्गामुळे. त्याचे वार्धक्य शेतीवाडीवर नव्हे, तर सेवेच्या शर्तींवर अवलंबून राहिले.

या शर्ती मुख्यतः दोन प्रकारच्या होत. सरकारी नोकर ‘पेन्शनीत निघे’, म्हणजे त्यास तहहयात दरमहा रक्कम मिळे. रेल्वेच्या नोकरास बहुधा भविष्यनिर्वाह निधीची पुंजी एकदम हाती पडे. १९५२ च्या कायद्याने कापड गिरण्यांसह सहा उद्योगांत असा निधी सक्तीचा झाला. वर्गणी रुपयास एक आणा असे व मालक तितकीच भर घाली.

हा भेद केवळ रकमेचा नव्हता. पेन्शनीत दीर्घायुष्याचा भार सरकार वाहते. पुंजीत तो ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. १९५७ साली रेल्वेने पेन्शन योजना सुरू केली, तेव्हा सेवेत असलेल्यांस दोहोंपैकी एकाची निवड करावयाची होती. ही निवड म्हणजे आपण किती वर्षे जगू, याविषयीचा अंदाजच होय.

पुंजीला तिसरी वाट फुटली ती घराची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्यासाठी घरे बांधणे किफायतशीर उरले नाही. १९६० चा सहकारी संस्थांचा व १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांमुळे मालकीच्या घराचा मार्ग प्रशस्त झाला. निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची मुभाही होती. ज्यांनी तिचा लाभ घेतला, त्यांची म्हातारपणाची पुंजी ऐन उमेदीतच विटांत गुंतली. महागाईच्या काळात हे शहाणपणाचेच होते. परंतु राहते घर दरमहा उत्पन्न देत नाही. शिवाय, सालीना आठ टक्के चक्रवाढ व्याज धरल्यास तिसाव्या वर्षी ठेवलेला रुपया सत्तावन्नाव्या वर्षी आठ रुपये होतो, तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ठेवलेला केवळ दोन. लवकर काढलेल्या रकमेची खरी किंमत ही अशी असते.

१९९५ च्या योजनेने खासगी क्षेत्रातील नोकरासही मासिक निवृत्तिवेतन दिले. तथापि ते महागाई भत्त्याशी निगडित नाही, आणि २०१४ साली त्याची किमान मर्यादा १,००० रुपये ठरली. उलट, २००४ पासून केंद्राच्या व १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नव्या नोकरांस वर्गणीवर आधारलेली योजना लागू झाली. अशा रीतीने एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या दोन निवृत्तांचे वार्धक्य नेमणुकीच्या तारखेवरून वेगळे ठरू लागले. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय नोकरांसाठी एकत्रित निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय खुला झाला, तेव्हा १९५७ चाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला.

तात्पर्य, आधी तरतूद करणे हा केवळ व्यक्तीच्या काटकसरीचा गुण मानणे इतिहासास धरून नाही. दीर्घायुष्याची जोखीम राज्य व मालक यांनी किती उचलली, यावर त्या काटकसरीचे ओझे ठरत आले आहे. या भागाचा सामाजिक इतिहास लिहिताना गिरण्या व गाड्या यांबरोबर सेवाशर्तींचे नियमही साधन म्हणून वाचले पाहिजेत.