लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील, नेवार्कच्या वायव्येस असलेले लहानसे शेतीप्रधान खेडे. सेंट मायकेलचे मध्ययुगीन चर्च, उत्तरेस नॉर्मन किल्ल्याचे मातीचे उंचवटे, डव्हकोट इन हा पब, त्याच्याजवळचे माहिती दालन आणि १९९५ पासूनचे होलोकॉस्ट संग्रहालय एवढे पाहण्याजोगे येथे आहे. मात्र गावाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शिवारात आहे. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी वावरे कुंपणाविना उघडी आहेत आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे त्यांत विखुरलेले आहेत. एका वावरात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड, असा फेरपालट चालतो. पडीच्या वावरात आता बहुधा चाऱ्याचे गवत असते. जमीन अशी पसरलेली असल्याने शेतकऱ्यांची घरे आणि गोठे गावातल्या रस्त्यालगतच राहिले. १६३५ साली मार्क पिअर्सने केलेला या शिवाराचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडभर अशी शिवारे कायदे करून कुंपणात घातली गेली. लॅक्स्टन वाचले ते अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन जमीनदारांचे एकमत न झाल्याने, असे सांगितले जाते. ते खरेच, पण त्यातून शिवार मोडले का नाही हे कळते, ते चालते कसे हे कळत नाही. त्याचे श्रेय कोर्ट लीट या ग्रामन्यायालयाला द्यावे लागते. नोव्हेंबरअखेर गावातलेच शेतकरी पंच म्हणून गव्हाच्या वावरात फिरतात. कोणी बांध कोरून शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा वाटेत नांगर घातला का, चर उपसला का, हे पाहतात आणि हद्दीवर खुंट्या ठोकतात. आठवड्याने न्यायालय बसते. दंड किरकोळ असतो, पण तो शेजाऱ्यांनीच बसवलेला असल्याने झोंबतो. १९७७ च्या कायद्याने अशा न्यायालयांचे अधिकार काढले, तेव्हा लॅक्स्टनला त्यातून वगळले गेले.

सामाईक कुरण उजाडच होते, असा गॅरेट हार्डिनचा १९६८ मधला प्रसिद्ध युक्तिवाद आहे. तो बेवारशी कुरणाला लागू पडेल. येथे पट्टा कोणाचा हे ठरलेले असते, आणि गुरे कधी व किती सोडायची यालाही नियम होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गाव म्हणजे सरकारने जपलेले संग्रहालयच नव्हे काय? १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने जमीन घेतली नसती तर शिवार टिकणे कठीण होते, हे मान्यच केले पाहिजे. पट्टेही जोडून पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठे केले आहेत. तरी येथले शेतकरी खंड भरून, ट्रॅक्टर चालवून, बाजारासाठीच पिकवतात. १९८१ मध्ये जमीन क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे गेली. मालक कोण यापेक्षा काळजीची बाब वेगळी आहे: शेते मोठी आणि शेतकरी थोडे होत गेले, तर वावर तपासायला पंच पुरेसे उरतील का?