तारापूरची भट्टी आणि महासत्तांचा संशय



डहाणू रोडहून मुंबईकडे निघालात की वाणगावनंतर बोईसर लागते. तेथून पश्चिमेस, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. महासत्तांचे वैर ही केवळ पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे असे आपणांस वाटत असेल, तर या केंद्राचा इतिहास अवश्य पाहावा.

अमेरिकेने १९४५ साली अणुबॉम्ब वापरला. तिच्या धास्तीने रशियाने १९४९ मध्ये आपला बॉम्ब तयार केला. पुढे ब्रिटन व फ्रान्सनेही तेच केले. अमेरिका आणि रशिया या दोघांवरही विश्वास न उरलेल्या चीनने १९६४ मध्ये चाचणी घेतली. १९६२ चे चिनी आक्रमण सोसलेल्या भारताने १९७४ मध्ये पोखरणला स्फोट केला आणि तो शांततेसाठी असल्याचे जाहीर केले. प्रत्येकाचे म्हणणे एकच होते, ‘आम्हांला भय दुसऱ्याचे आहे!’

या साखळीचे शेवटचे टोक तारापूरला येऊन पोहोचले. १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने येथील दोन अणुभट्ट्यांना तीस वर्षे इंधन देण्याचे मान्य केले होते. १९६९ मध्ये भट्ट्या सुरू झाल्या. परंतु पोखरणनंतर अमेरिकेस संशय आला. सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीस खुले न करणाऱ्या देशास इंधन देऊ नये, असा कायदा तिने १९७८ मध्ये केला. करार कागदावर राहिला आणि भारताची अडचण झाली. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला. नंतर त्याचाही पुरवठा थांबला, तेव्हा १९९५ मध्ये चीनने आणि २००१ मध्ये रशियाने इंधन दिले. एकमेकांवर विश्वास नसलेल्या चार देशांचे इंधन एकाच ठिकाणी जळले!

मित्रहो, यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ज्याचे ज्ञान उसने त्याची वीजही उसनी. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी स्वतः उभारल्या. त्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात आणि २००५ व २००६ मध्ये त्या सुरू झाल्या. दुसरी गोष्ट आपल्या घरादाराची. वाडीच्या बांधावर एकाने कुंपण वाढवले की शेजारी त्याहून उंच वाढवतो. दोघेही म्हणतात, ‘मी फक्त राखण करतो.’ महासत्तांचे भांडण मिटवणे आपल्या हाती नाही. परंतु शेजाऱ्याला आधी विचारावे आणि मगच कुंपणाला हात घालावा, एवढे तरी आपण मुलांना खचित शिकवू शकतो.