अंदाज आणि आकडेमोड : एका भाषाकुळाची गोष्ट

१९७२ साली मार्सेय शहरात प्रोलॉग ही भाषा आकाराला आली ती गणितासाठी नव्हे. आलँ कोल्मेरोर आणि फिलिप रूसेल यांना यंत्राशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. तर्काची बाजू एडिंबराच्या रॉबर्ट कोवाल्स्कींनी सांभाळली, आणि त्या तर्काच्या मुळाशी ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ साली मांडलेली रिझोल्यूशनची पद्धत होती. प्रोलॉगमध्ये काम कसं करायचं ते सांगायचं नसतं. काय खरं आहे ते सांगायचं, मग प्रश्न विचारायचा. उत्तर शोधणं यंत्राकडे.

दोन याद्या जोडण्याचा साधा नियम घ्या. प्रोलॉगमध्ये तो तीन याद्यांमधला संबंध असतो: पहिलीला दुसरी जोडली की तिसरी होते. पहिल्या दोन दिल्या तर तिसरी मिळते. नुसती तिसरी दिली, तर तिचे दोन तुकडे जितक्या प्रकारे पडू शकतात तितके सगळे मिळतात. एकच नियम, तो दोन्ही दिशांनी चालतो. प्रोलॉग शिकणारे याच जागी तिच्या प्रेमात पडतात, आणि ते योग्यच आहे.

पण थोडं पुढे गेलं की अडचणी दिसू लागतात. जॉन मॅकार्थींनी १९५८ मध्ये एमआयटीत सुरू केलेल्या लिस्पच्या, म्हणजे फंक्शनल भाषांच्या घराण्यात एका फंक्शनचं उत्तर सरळ दुसऱ्याच्या हाती देता येतं, फंक्शनलाच फंक्शन पुरवता येतं. प्रोलॉगमध्ये प्रत्येक मधल्या उत्तराला नाव द्यावं लागतं. दोन्ही दिशांनी चालण्याचं तिचं वैभव आकडेमोडीपाशी संपतं: बेरजेतली एक संख्या अज्ञात असली, की नेहमीची प्रोलॉग चूक दाखवून थांबते. म्हणून दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळवावी, ही इच्छा फार लवकर जन्मली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द रॉबिन्सन यांनी सिराक्यूज विद्यापीठात अर्नेस्ट सिबर्ट यांच्यासोबत लॉगलिस्प बांधली. ज्याच्या सिद्धान्तावर एक घराणं उभं राहिलं, त्यालाच दुसऱ्याचीही गरज वाटावी, ही मला या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

दोन भाषा शेजारी बसवल्या म्हणून त्या एक होत नाहीत. खरा प्रश्न आत होता. फंक्शनला हातात किंमत लागते. तर्काकडून येतो अज्ञात. दोघं समोरासमोर आले की काय करायचं? एक उत्तर होतं, थांबा: किंमत कळेपर्यंत ते फंक्शन बाजूला ठेवा. हसन ऐत-काची आणि सहकाऱ्यांच्या १९८७च्या ल फन या भाषेने हा मार्ग घेतला. त्यात धोका असा की किंमत कधीच कळली नाही तर काम तसंच लटकून राहतं.

दुसरं उत्तर प्रोग्रॅमिंगमधून आलंच नाही. ते प्रमेयं सिद्ध करणाऱ्या यंत्रांच्या अभ्यासातून आलं. जेम्स स्लेगल हे अंध शास्त्रज्ञ. १९६१मध्ये त्यांनी कलनातली समाकलनं सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यांनी १९७४ साली एक युक्ती मांडली, तीच नॅरोइंग. अज्ञाताला असं रूप द्यायचं की फंक्शनचा एखादा नियम लागू पडेल, आणि लगेच तो नियम लावायचा. अंदाज आणि आकडेमोड एकाच पावलात.

यादीचा शेवटचा घटक शोधायचा आहे असं समजा. प्रश्न असा मांडायचा: कुठल्या यादीला कुठला एकच घटक जोडला की ३, ७, ९ ही यादी होईल? पहिली यादी अज्ञात. ती रिकामी तरी असेल, नाहीतर तिला डोकं आणि शेपूट असेल. रिकामी धरली तर एका घटकाची यादी तीन घटकांची कशी होणार. ती वाट बंद. डोकं असेल तर ते ३च हवं. पुन्हा तोच प्रश्न, पुढचं डोकं ७. आता उरलेली शेपूट रिकामी धरली की जोडलेला घटक ९ निघतो. शेवटचा घटक काढण्याची कृती कुणी लिहिलीच नाही. जोडण्याचा नियम तेवढा होता.

मात्र अंदाज कुठे कुठे करायचा? दिसेल त्या अज्ञाताला रूपं देत सुटलं तर फांद्यांना अंत नाही. सर्जिओ अँतॉय, राशिद एशाहेद आणि मिखाएल हानूस यांनी १९९४ साली याचं उत्तर दिलं: उत्तरासाठी जिथे माहिती अडली आहे तिथेच, आणि अडलं आहे तेवढंच रूप द्या. नियम ठरावीक शिस्तीने मांडलेले असतील तर या रीतीने एकही पाऊल वाया जात नाही आणि एकच उत्तर दोनदा येत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. गरज पडल्याशिवाय काहीच न मोजण्याची सवय फंक्शनल घराण्यातल्या काही भाषांची. तर्काच्या बेफाम शोधाला लगाम घातला तो तिनेच. माझ्या मते सोयरीक जुळली ती इथे.

त्याआधी बाबेल, के-लीफ, आल्फ अशा बऱ्याच लहान भाषा होऊन गेल्या होत्या. ती विखुरलेली मेहनत एकत्र यावी म्हणून हानूस, हर्बर्ट कुखेन आणि हुआन होसे मोरेनो-नवारो यांनी १९९५ साली करी मांडली. हॅस्केल करी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाचं पहिलं नाव १९९०मध्ये एका फंक्शनल भाषेने आधीच घेतलं होतं. हिने आडनाव घेतलं, आणि लिखाणाची धाटणीही बरीचशी त्या थोरल्या भाषेची. तिचा पॅक्स हा कंपायलर प्रोग्रॅमचं रूपांतर प्रोलॉगमध्ये करतो, किक्स-२ हा हॅस्केलमध्ये. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही तिच्यासाठी राबतात.

त्याच सुमाराला मेलबर्नमध्ये झोल्तान सोमोगी आणि सहकाऱ्यांनी मर्क्युरी घडवली. तिची शिस्त कडक: कुठली किंमत आत येते, कुठली बाहेर जाते, उत्तर एकच की अनेक, हे आधी जाहीर करावं लागतं. अर्धवट माहिती घेऊन हिंडण्याचं प्रोलॉगचं स्वातंत्र्य त्यात बरंच जातं, पण मोठ्या प्रोग्रॅममधल्या कितीतरी चुका चालवण्याआधीच सापडतात.

इंडियाना विद्यापीठातल्या डॅन फ्रीडमन आणि विल्यम बर्ड यांनी ओलेग किसेल्योव यांच्यासोबत तिसरा मार्ग धरला. नवी भाषा नको. लिस्पच्या घराण्यातल्या स्कीममध्येच बसेल असं छोटं मिनीकॅनरेन. २००५च्या ‘द रीझन्ड स्कीमर’ने ते घरोघरी नेलं आणि लोकांनी आपापल्या भाषेत ते पुन्हा लिहिलं. एकाच फांदीत खोल बुडण्याऐवजी ते सगळ्या फांद्यांना पाळीपाळीने वेळ देतं. २०१२मध्ये त्यात भाषेचा अर्थ लावणारा प्रोग्रॅमच संबंध म्हणून लिहिला गेला. तो उलटा चालवल्यावर स्वतःलाच उत्तर म्हणून देणारे प्रोग्रॅम बाहेर पडले. पुढे बर्ड यांच्या बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या गटाने याच कुळातलं मेडीकॅनरेन दुर्मीळ आजारांवर उपयोगी पडतील अशी औषधं शोधण्यासाठी बांधलं.

आज हे साधन हाती घेऊ पाहणाऱ्याला मी सांगेन: मूळ कल्पना तिच्या पूर्ण रूपात पाहायची असेल तर करी; मोठं, टिकाऊ काम उभारायचं असेल तर मर्क्युरी; चालू प्रोग्रॅममध्ये शोधाचा एक कोपरा हवा असेल तर मिनीकॅनरेन. आणि २०२३पासून फोर्टनाइट खेळात स्वतःची बेटं रचणाऱ्यांच्या हाती व्हर्स ही भाषा आली आहे. सायमन पेटन जोन्स आणि लेनार्ट ऑगस्टसन हे हॅस्केलचे जुने जाणकार तिच्या पायाभरणीत आहेत. तिच्यात पर्याय ठरलेल्या क्रमाने येतात, आणि अज्ञाताची किंमत कळेपर्यंत थांबण्याचा तो जुना मार्ग तिने पुन्हा जवळ केला आहे.